पुढच्या डाव्या चाकातला आवाज

ब्रेक बदलण्याआधी गाडी ओरडायची, त्याचं कारण सरळ होतं. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की त्याच्या पाठीला बसवलेली छोटी वाकडी पत्ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. ती तेवढ्यासाठीच दिलेली असते. गॅरेजवाल्याने चाक काढून पत्ती दाखवली, डिस्कला व्हर्नियर लावला. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्याही खाली आमची डिस्क गेली होती. पावसाळा तोंडावर होता आणि सासरच्या एका कार्यासाठी कसारा घाट उतरून कल्याणला जायचं होतं. म्हटलं, पुढचे पॅड आणि दोन्ही डिस्क नवीनच टाका. इथपर्यंत कुणाचं काही चुकलं नव्हतं.

संध्याकाळी गाडी घेऊन निघाले आणि नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला पोचेपर्यंत कान तिकडेच लागले. काच खाली केली. डाव्या बाजूला काहीतरी घासत होतं, आणि पाय तर ब्रेकवर नव्हताच.

गॅरेजला फोन केला. उत्तर तयार होतं. "मॅडम, नवीन पॅड आहेत, आवाज करणारच. दोन-तीनशे किलोमीटर पळवा, सेट होतील."

हे उत्तर अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं चालतं. डिस्क ब्रेकमध्ये पॅडला मागे ओढणारी स्प्रिंग बहुतेक गाड्यांत नसते. पॅडना डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधल्या पिस्टनभोवती एक चौकोनी काठाची रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि ती रिंग त्याच्यासोबत जराशी पिळली जाते. पाय उचलला की ती मूळ आकारात येते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. बस, तेवढंच. म्हणजे पॅड डिस्कपासून लांब असा कधी जातच नाही. चाक उचलून हाताने फिरवलं तर हलकी सळसळ ऐकू येते, आणि नवीन पॅडचा पृष्ठभाग डिस्कशी अजून जुळलेला नसल्यामुळे ती सुरुवातीला जास्तच येते. तेव्हा थोडं घासणं माफ. पण किती घासलं म्हणजे थोडं, हे फोनवर कोण सांगणार?

माझी नोकरी त्र्यंबकेश्वरला, घर गंगापूर रोडला. रोज जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात, त्यामुळे त्यांचे दोन-तीनशे किलोमीटर त्याच आठवड्यात भरले. सातपूर सोडून महिरावणीच्या पुढे रस्ता मोकळा झाला की वाऱ्याच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. अंजनेरीच्या स्पीडब्रेकरला वेग उतरला की परत सुरू. आवाज तसूभर कमी झाला नव्हता. उलट आणखी एक भर पडली होती. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून रिव्हर्स काढून गेटपाशी पहिला ब्रेक मारला की पुढून एक स्पष्ट 'टक' यायचा.

परत गॅरेजला नेली. पोरानं चाकं काढली, चारही पॅड बाहेर घेतले आणि तिथल्याच कोब्यावर खसाखस घासले, कडा पॉलिश पेपरने तिरप्या केल्या, हवा मारली, बसवून दिले. पॅडच्या कडा तिरप्या केल्याने ब्रेक दाबल्यावरची चिरचिर काही वेळा जाते, तो उपाय खोटा नाही. पण माझा आवाज ब्रेक न दाबता येत होता. तो ज्या रोगावरचा उपाय होता तो रोगच मला नव्हता. घरी येईपर्यंत आवाज परत हजर. आणि तिथे मालकाने जे म्हटलं त्याने माझं डोकं जरा फिरलं. "ब्रेक लागतोय ना मॅडम? मग टेन्शन कशाला घेता?" सोबत नवरा असता तर हेच वाक्य आलं असतं का, हा प्रश्न मी गिळला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलं. नाशिकमध्ये असे काका सोसायटीगणिक एक तरी निघतात. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसींनी या शहराला पाठवलेले. निवृत्त झाले तरी हातातलं माप सुटत नाही. त्यांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आवाज कसा आहे?"

"घासल्यासारखा."

"अगं, ते झालंच. सतत की थांबून थांबून? ब्रेकला हलका पाय टेकवला की राहतो की जातो? स्टिअरिंग वळवलं की बदलतो? हे आधी ऐकून ये. मग चाक खोलू."

ऐकायचं कसं तेही त्यांनीच सांगितलं. दुपारच्या निवांत वेळी आतल्या गल्लीत गेले. तिथे एका शाळेची लांबच लांब कंपाउंडची भिंत आहे. डावी काच पूर्ण खाली, एसी-रेडिओ बंद, भिंतीला लागून गाडी अगदी हळू. चाकाचा आवाज भिंतीवर आपटून थेट कानात येतो. उघड्या रस्त्यावर जे पुसट ऐकू येतं ते इथे वेगळं वेगळं उमटतं. आणि ते खरंच वेगळं निघालं. मी ज्याला एक आवाज समजत होते ते दोन होते. एक बारीक, पत्र्यासारखा 'खर्रर्र', जवळजवळ सलग. त्याच्यावर दुसरा, 'शिस्स... शिस्स... शिस्स', ठेक्यात.

ठेका चाकाचाच आहे का, हे ताडता येतं. आमच्या टायरचा घेर पावणेदोन मीटरच्या आसपास. ताशी 10 किलोमीटरला गाडी सेकंदाला पावणेतीन मीटरच्या पुढेमागे जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला साधारण दीड फेरे. 'शिस्स' त्याच चालीत होता, वेग वाढवला की त्याच प्रमाणात वाढत होता. मग काकांची दुसरी परीक्षा. पेडलवर पाय नुसता टेकवला, गाडी थांबेल इतका नाही. 'शिस्स' गप्प. 'खर्रर्र' तसाच. पाय उचलला, दोघंही परत.

हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. त्यांचं म्हणणं असं: पेडल टेकवल्यावर जो आवाज जातो तो डिस्क आणि पॅड यांच्यातला. डिस्क सरळ फिरत नसेल तर तिची एक बाजू फेऱ्यागणिक पॅडला शिवून जाते. हलका दाब दिला की पॅड तिच्याबरोबर डोलतो आणि शिवाशिवी थांबते. पेडलने जो बदलत नाही त्याचा ब्रेकच्या दाबाशी संबंध नाही, तो शेजारच्या कुठल्या तरी स्थिर गोष्टीचा. बेअरिंग असतं तर वेगाबरोबर वाढणारी घरघर आली असती, वळणावर बदलली असती. तसं काही नव्हतं.

एक शंका मात्र आधी मिटवायची होती. कॅलिपर अडकून पॅड चिकटून तर बसला नाही ना? तसं असेल तर घाटात ब्रेक तापून घात होतो. त्र्यंबकहून येताना शेवटचा टप्पा शक्य तितका ब्रेक न मारता आले, उतरल्या उतरल्या दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळवा धरला. जवळ धरला, लावला नाही. तापलेली डिस्क कातडी सोलते. घरात कोविडच्या काळातली कपाळावर धरायची तापमानाची बंदूक होती, तीही रोखून पाहिली, तिने दोन्हीकडे नुसतं 'हाय' दाखवलं. माणसाच्या तापापुढे तिची धाव नाही. पण तळव्याला दोन्ही चाकं सारखीच लागली, गाडी एका बाजूला ओढत नव्हती, ब्रेक सोडल्यावर जड वाटत नव्हती. डावं जास्त तापलं असतं तर काका कॅलिपरवरची ब्लीडर निपल (ब्रेकचं तेल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) ढिली करून बघणार होते: निपल उघडल्यावर चाक मोकळं झालं तर दाब आत अडकतोय, म्हणजे बहुधा ब्रेकचा रबरी होज आतून बुजलाय, तरीही घट्ट राहिलं तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनाच. ती वेळ आली नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये काम काढलं. हँडब्रेक ओढलेला (आमच्या गाडीला तो मागच्या ड्रमवर लागतो, पुढची चाकं मोकळी राहतात), गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. जॅकने उचलून खाली लोखंडी घोडी लावल्याशिवाय काका कुणाला हात घालू देत नाहीत. सोसायटीतली दोन पोरं बघायला जमली होती, त्यांना दोन पावलं मागेच उभं केलं.

चाक निघाल्यावर मोबाईलचा टॉर्च डिस्कच्या मागे मारला. तिथे एक पातळ पत्रा असतो, चिखल-पाणी डिस्कवर उडू नये म्हणून. मेकॅनिक लोक त्याला शील्ड म्हणतात. जाडीला तो तेलाच्या डब्याच्या पत्र्याइतकाच, हाताने वाकतो. काकांनी खिशातून एका लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी काढली आणि डिस्क व पत्रा यांच्या फटीतून फिरवायला घेतली. वरून निघाली, मागे गेली, खालच्या अंगाला अडली. टॉर्च तिथे नेला तर पत्र्याच्या कडेवर बोटभर लांबीची चकचकीत रेघ. रंग-गंज खरवडून आतलं पोलाद उघडं पडलं होतं. शेजारीच हातोडीचा गोल ठसा.

जुनी डिस्क हबला, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, गंजून चिकटलेली असणार. ती सुटावी म्हणून मागून हाणली, घाव पत्र्यावर बसला. काकांना हातोडीचा राग. नव्या डिस्कवरची दोन आटेदार भोकं दाखवून ते म्हणाले, "ही कशाला दिलीत? यात 8 मिलिमीटरचे दोन बोल्ट घालायचे, आळीपाळीने आवळायचे. डिस्क आपोआप पुढे येते. हाणामारी कशाला?" त्र्यंबक रोडला कधी कधी याच फटीत खडी अडकते आणि अगदी असाच आवाज करते, आमच्या फटीत खडा नव्हता, ठसा होता. पत्रा दोन बोटांनी मागे दाबला, पट्टी सगळीकडून फिरली, हाताने डिस्क फिरवली. 'खर्रर्र' गेला. इतक्या दिवसांची कटकट आणि उपाय दोन बोटांचा. राग यावा की हसावं कळेना.

'शिस्स' बाकी होता. आता काकांची लाकडी पेटी उघडली. आत मऊ फडक्यात डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप, सोबत चुंबकाचा स्टँड. कॅलिपरचे बोल्ट सोडून तो तारेने वरच्या स्प्रिंगला टांगला. होजवर लोंबकळत सोडला तर होजला इजा होते. डिस्क नीट बसावी म्हणून चाकाचे नट वॉशर घालून आवळले, स्टँड नकलला (हब धरून ठेवणाऱ्या, न फिरणाऱ्या लोखंडी भागाला) चिकटवला, गेजचं टोक डिस्कच्या कडेपासून थोडं आत टेकवलं. काकांनी डिस्क सावकाश फिरवली. काटा गेला, थांबला, परत आला. 140 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 140 हजारांश.

बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलात ही मर्यादा 50 ते 100 मायक्रॉनच्या दरम्यान कुठेतरी असते. म्हणजे आमची डिस्क डोलत होती. गॅरेजच्या भाषेत "डिस्क वाकली". पण नवीन डिस्क एवढ्यात वाकेल कशी? काकांनी डिस्कवर आणि चाकाचे नट ज्यावर बसतात त्या स्टडवर खडूने खूण केली, त्या दोन बोल्टांनी डिस्क पुढे काढली आणि ज्या तोंडावर ती बसते ते हबचं तोंड दाखवलं. दोन स्टडांच्या मध्ये नखाएवढा गंजाचा पापुद्रा, कडक, काळपट. आणि नवीन डिस्कच्या पाठीवर बरोबर त्याच जागी तपकिरी ठसा. पापुद्र्याला टेकून डिस्क किंचित तिरकी बसली होती. हबचं तोंड लहान, डिस्क मोठी, त्यामुळे हबवर जेवढी फट पडते ती डिस्कच्या कडेला दीडपटीहून जास्त होऊन दिसते. जुनी डिस्क त्या गंजासकट तिथे वाढलेली, तिला फरक नव्हता. नवी आल्यावर हब स्वच्छ करणं हेच या कामातलं खरं काम. पॅड बदलायला फार अक्कल लागत नाही.

वायर ब्रश, मग पॉलिश पेपर. स्टडांच्या बुडाशी, मधल्या उंचवट्याच्या खाचेत, जिथे ब्रश जात नाही तिथे काकांनी स्क्रूड्रायव्हरला पॉलिश पेपर गुंडाळून फिरवला. डिस्कची पाठही पुसली. परत बसवून गेज लावलं. 30.

"बास," काका म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही.

असं डोलणं तसंच सोडलं असतं तर डिस्कची तीच बाजू दर फेऱ्याला थोडी थोडी खाल्ली गेली असती आणि काही हजार किलोमीटरनंतर डिस्कची जाडीच कमी-जास्त होऊन ब्रेक मारल्यावर पेडल आणि स्टिअरिंग थरथरलं असतं. तेव्हा मग सगळे म्हणाले असते, घाटात तापून डिस्क वाकली.

राहिला 'टक'. त्याचं उत्तर माझ्या डिकीतच होतं. जुने पार्ट मी नेहमी मागून घेते, तशी ती पिशवी पडून होती आणि तिच्यात नवीन पॅडचा रिकामा खोका. रिकामा म्हणजे मला वाटलेला रिकामा. तळाशी प्लॅस्टिकची पुडी, स्टेपल मारलेली, न उघडलेली. आत चार चकचकीत पत्र्याच्या क्लिपा. पॅडचे कान कॅलिपरच्या ब्रॅकेटच्या ज्या खाचेत सरकतात तिथे या बसतात, पॅडला सैल हलू देत नाहीत. गॅरेजने जुन्याच ठेवल्या होत्या, त्यांचा ताण गेलेला. रिव्हर्सला पॅड खाचेत एका बाजूला सरकायचा, पुढे जाताना पहिल्या ब्रेकला दुसऱ्या बाजूला आपटायचा. टक. जुन्या क्लिपा उचकटल्यावर त्यांच्याखालीही गंज. तो खरवडून नव्या दाबून बसवल्या. पॅड बोटांनी सरकला पाहिजे आणि सोडल्यावर खडखडता कामा नये, ही कसोटी.

स्लाइड पिनांपैकी खालची कोरडी होती. वरची आणि खालची पीन वेगळी असते, एकीला टोकाशी रबर असतं, त्यांची अदलाबदल करायची नाही. ग्रीस सिलिकॉनचं, बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की पिनांवरची रबरी टोपणं फुगतात. उजव्या चाकाचंही हेच सगळं केलं, तिकडे गेज आधीच मर्यादेत होतं, तरी हब घासला. नट आळीपाळीने, समोरासमोरचे, टॉर्क पान्याने आवळले. वाकडेतिकडे आवळलेले नटही डिस्क डोलवतात. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहिले. कॅलिपर काढून पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिले काही दाब पोकळ जातात. हे विसरून गाडी काढली तर समोरची भिंत थांबवते.

मग नवे पॅड चालवून डिस्कशी जुळवणं. सोमवारी भल्या पहाटे, त्र्यंबक रोडला गर्दी नसताना, महिरावणीच्या पुढे. ताशी साठाच्या आसपास नेऊन ब्रेकने वीसपर्यंत उतरवायची, पूर्ण थांबवायची नाही, मग थोडं अंतर तशीच चालवून गार होऊ द्यायची, परत. आरशात मागे कुणी नाही हे बघूनच. थोडा जळका वास आला, तो यायचाच. शेवटी बराच वेळ ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, चालवली. तापलेला पॅड थांबलेल्या डिस्कवर दाबून धरला की तिथे डाग बसतो.

आता पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते. रात्रभरात ओल्या डिस्कवर नारिंगी गंज चढतो, पॅड तो पुसून काढतो, सोसायटीच्या गेटपासून गंगापूर रोडला लागेपर्यंत संपतं. ती मी ऐकून सोडून देते. कसारा घाट खालच्या गिअरमध्ये उतरले, धुकं इतकं होतं की ब्रेकचा विचार करायलाही सवड नव्हती.

कल्याणहून आल्यावर गॅरेजला गेले. स्टेपलसकट रिकामी पुडी, हबचा फोटो आणि गेजचा फोटो मालकापुढे ठेवला. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, पोराला हाक मारली, त्यालाही दाखवला. मग गल्ल्यातून लेबरचे पैसे काढून पुढे केले, म्हणाले, राहू द्या मॅडम, आमच्याकडून झालं. मी ते मोजून घेतले. मागच्या ड्रमचे लायनर दिवाळीआधी बघायचे आहेत, ते काम तिथेच देणार आहे. नवीन पार्टचा खोका मात्र आधी मी उघडेन.